बोर्डाचा बोल्ट आणि सरांची शिट्टी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा शाळेचा निरोप आला आणि पहिल्यांदा कानात वाजली ती आपल्या पी.टी.च्या सरांची शिट्टी. वर्ग, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांबद्दलच लिहिणार.

मी १९९३च्या दहावीचा. मागच्या सिमेंटच्या कोर्टवर एका शनिवारी कळव्याच्या मुलांशी बास्केटबॉलचा मैत्रीचा सामना होता, पंच सरच. आमच्या सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या मुलाच्या, बुटाचा सोल सुटून फटफट वाजायला लागला. "सर, बूट!" आम्ही ओरडलो. बॉल कळव्याकडे होता. सरांनी शिट्टी वाजवली नाही. कळव्याची बास्केट झाली, बॉल डेड झाला, म्हणजे खेळ आपोआप थांबला, तेव्हा सर म्हणाले, "जा, बूट बदलून ये." आम्ही नुसते धुमसत होतो.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. मी बॉल हिसकावून एकटा सुटलो, ले-अपला, म्हणजे रिंगजवळ झेपावून बॉल टाकायला, पाऊल उचललं आणि कर्कश शिट्टी! बॉल अजून माझ्या हातातच. रिंगखाली उभ्या सरांच्या पायाशी रिंगमागच्या बोर्डाचा बोल्ट पडला होता, बोर्ड एका अंगाला कलला होता. सरांनी सगळ्यांना लांब केलं, शिपाईमामांनी शिडी धरली, सर स्वतः पाना घेऊन वर चढले. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा बाहेरून थ्रो आम्हालाच मिळाला, पण बास्केट झाली नाही. हरलो. दोन दिवस मी सरांशी बोललो नाही.

सोमवारी सरांनी तो बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. गंजलेला, आटे पार झिजलेले. "वजन बघ," एवढंच म्हणाले. मग बूट, लेस असली अडचण असेल तर ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांची चाल पुरी होऊ द्यायची, टेबलावर गुण चुकीचा लिहिला गेला तरी बॉल डेड होईपर्यंत थांबायचं, पण कुणाच्या अंगाला धोका असेल तर त्याच क्षणी शिट्टी, मग समोर कोणीही बास्केट करत असो, हे सगळं समजावून सांगितलं.

आज सोळा वर्षं मी ठाणे-नवी मुंबईत शालेय सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. बॉल हाती आल्यावर बास्केटसाठी फेकायची मुदत आमच्या वेळी ३० सेकंद होती, २०००मध्ये ती २४ झाली. ही मुदत मोजणारं शॉट क्लॉक चुकलं, तर कुठल्याच संघाचं नुकसान होत नसेल तरच लगेच खेळ थांबवायचा, हे नव्या पंचांना शिकवताना मी सरांचेच शब्द वापरतो. सामन्याआधी रिंग ३.०५ मीटरवर आहे ना ते बघतो आणि बोर्ड हलवून पाहतो. गेल्या महिन्यात वाशीला रिंगखाली पाणी सांडलं होतं, ऐन ले-अपला मी शिट्टी वाजवली. त्या मुलीचे वडील माझ्यावर फार चिडले. मला सर दिसत होते.

आता कोर्टच्या जागी नवी इमारत आहे. ती देखणी आहे, पण मधल्या सुट्टीत बॉलचा आवाज येत नाही याचं वाईट वाटतं. मुख्याध्यापकांना विनंती आहे, गच्चीवर का होईना, एक बोर्ड लावा. बोल्ट तपासायला पाना घेऊन मी येईन.