मानमोडी सोपी नाही : पुरातत्त्व अधिवेशनाच्या क्षेत्रभेटीला जाणाऱ्यांसाठी

जुन्नरला भरलेल्या प्रादेशिक पुरातत्त्व मंडळाच्या वार्षिक अधिवेशनाहून कालच परतलो. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत, म्हणून आधी मानमोडीचंच सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, ‘मानमोडी लेणी, सोपी पायपीट, सर्व वयोगटांसाठी’. हे साफ चूक आहे.

मानमोडी डोंगरात लेण्यांचे तीन गट आहेत : भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलेणं. भीमाशंकर गटापर्यंत तक्रार नाही. खरा त्रास अंबा-अंबिका ते भूतलेणं या टप्प्यात. वाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते, पावलाखाली सुटा मुरूम, त्यावर वाळलेलं गवत आणि एका बाजूला उतार. वाळक्या गवतावरून बूट सरळ घसरतो. काही ज्येष्ठ सभासदांना अर्ध्यावरून माघारी पाठवलं, तेही सोबतीला कोणी न देता. हे अक्षम्य आहे. गुडघे दुखत असतील तर अंबा-अंबिकालाच थांबा, कोणी कितीही आग्रह केला तरी. घसाऱ्यावर, म्हणजे अशा सुट्या मुरमाच्या उतारावर, चालायची सवय असेल तरच पुढे जा आणि उतरताना पुढच्याच्या अगदी मागोमाग राहू नका, सुटलेला दगड त्यालाच लागतो.

कड्याला आग्या मोहोळं आहेत. आमच्यातल्या एकाने लेण्यापाशी सिगारेट पेटवली, तेव्हा स्थानिक मुलगा धावत आला आणि त्याने विझवायला लावली. निघण्यापूर्वी ही सूचना एकाही स्वयंसेवकाने दिली नव्हती. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

आता पैशांचं. नोंदणी शुल्कात ‘क्षेत्रभेट समाविष्ट’ असं लिहिलेलं. सकाळी जीपमध्ये बसल्यावर माणशी ५०० रुपये वेगळे मागितले, पावती नाही. मानमोडीचा पायथा जुन्नर गावातून चालत गाठता येतो! शुल्क भरण्याआधीच वाहनखर्च कोणाकडे, हे लेखी विचारून घ्या.

उद्घाटनाचं सत्र चुकवलंत तरी चालेल, शाल-श्रीफळातच वेळ गेला आणि निबंधवाचकांना घाईत उरकावं लागलं. नाणकशास्त्राचं सत्र मात्र सोडू नका. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या ठेव्यातली क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी आणि त्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा मारलेले ठसे तिथे नीट समजले. दुसऱ्याच दिवशी मानमोडीत त्याच नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, लेख समोर होता : वर्ष ४६, मंडप आणि पोढीचं (पाण्याच्या टाक्याचं) दान. आधी नाणी पाहिली म्हणून ती ब्राह्मी अक्षरं ओळखीची वाटली.

आणि भूतलेणं! दर्शनी भागावर चैत्यकमानीतली (घोड्याच्या नालेसारख्या कमानीतली) गजलक्ष्मी आणि चंद नावाच्या यवनाने (त्या काळी ग्रीकांना आणि पश्चिमेकडच्या परदेशी लोकांना यवन म्हणत) दर्शनी भाग दान केल्याचा छोटासा लेख. एका परदेशी माणसाचं नाव इथल्या बौद्ध लेण्यावर इतकं स्वच्छ वाचता आल्यावर मी घसारा विसरलो. लेख वाचायचा तर टॉर्च भिंतीला चिकटून तिरपा धरा, समोरून प्रकाश टाकला की अक्षरं सपाट होतात. खडू, पावडर, पाणी काहीही लावू नका. लेखाचा कागदावर ठसा घ्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

लेण्याद्री आणि नाणेघाट निवांत झाले. नाणेघाटाच्या माथ्याजवळ गाडी जाते, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातले अंक पाहायला विसरू नका. दोन्ही ठिकाणी स्वतःच्या सवडीने जाता येतं, मंडळाच्या जीपची गरज नाही. मानमोडीला मात्र गावातला वाट माहीत असलेला माणूस घ्या, सकाळी लवकर निघा आणि पाणी खालूनच भरून न्या, पोढीतलं पिऊ नका.