उपासाला चालतं का?

एकादशी नक्की कधी, इथूनच मतभेद सुरू होतात. काही महिन्यांत कॅलेंडरवर लागोपाठ दोन दिवस एकादशी असते, आधी स्मार्त, मग भागवत. सूर्योदयाआधीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. तेव्हा दशमी शिल्लक असेल, तर भागवत मंडळींचा उपास दुसऱ्या दिवशी.

दिवस ठरला की वाद स्वयंपाकघरात शिरतो. जिरं बहुतेकांकडे चालतं. कोथिंबीर या घरात चालते, शेजारी नाही. भेंडी काही जण खुशाल खातात, काहींना ती कल्पनाही सहन होत नाही. उत्तरेत उपासाला सैंधवच हवं. आपल्याकडे कित्येक घरांत रोजचंच मीठ पडतं. वरई तर उघडउघड तृणधान्य, पण धान्य वर्ज्य असलेल्या दिवशी तिचाच भात आमटीबरोबर ओरपायचा आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही!

मग एकमत कशावर? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं. गंमत अशी, की ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. तमिळनाडूत सेलमकडे ज्या कंदापासून साबुदाणा बनतो, तो कसावाही तिकडचाच. युरोपीय जहाजं येण्याआधी इथे ही पिकं नव्हतीच. जुन्या शास्त्रकारांच्या पानात जे कधी पडलंच नाही, ते वर्ज्य कोण ठरवणार? निदान माझा तर्क तरी असा आहे.

हे एकमतही खिचडी कढईत पडेपर्यंतच टिकतं. साखर किती, ओलं खोबरं घालायचं का, तूप की शेंगदाण्याचं तेल, यावर तडजोड अशक्य. भिजवण्याबद्दल मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. वाटीभर साबुदाणा दोन-तीनदा धुवायचा, नाहीतर वरचं सुटं पीठ गरम होताच खळ बनतं आणि खिचडीचा गोळा होतो. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून पाच-सहा तास झाकायचं. दाणा चिमटीत पूर्ण चिरडला पाहिजे. मध्ये कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबावं. अर्धी-पाऊण वाटी दाण्याचं कूट कढईत टाकण्याआधीच चोळायचं, ते ओल शोषून घेतं. आच मध्यम. दाणे पारदर्शक झाले की गॅस बंद. आणखी परतले तर चिवट होतात, आणि ते उपास न करणाऱ्यांनाही चालत नाहीत.