क्यू हातात आला की काय कराल? स्क्रॅबलसाठी पाठ करायचे शब्द

इंग्रजी चांगलं असलेली माणसं स्क्रॅबलमध्ये हरतात, याचं कारण बहुतेकदा एकच असतं. ती मोठे, भारदस्त शब्द शोधत बसतात. बोर्ड 15 बाय 15 घरांचा, हातात फक्त सात अक्षरं. इथे सगळ्यात जास्त कमाई करून देतात ते दोन अक्षरी शब्द, आणि त्यातले निम्मे तुम्ही कुठल्याही इंग्रजी कादंबरीत वाचलेले नसतात.

आधी मान्य शब्दांची यादी कुठली ते ठरवा. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्स या शब्दकोशाच्या यादीवर खेळल्या जातात, अमेरिका-कॅनडात वेगळी, जरा आखूड यादी आहे. कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द सव्वाशेहून थोडे जास्त आहेत. रोज दहा म्हटले तरी दोन आठवड्यांचं काम. घरी खेळतानाही पहिल्या डावाआधी यादी ठरवून घ्यावी, नाहीतर तिसऱ्या खेळीला भांडण ठरलेलं.

हे छोटे शब्द एवढे महत्त्वाचे का? बोर्डावरच्या शब्दाला चिकटून समांतर शब्द लावला की प्रत्येक जोडावर एक दोन अक्षरी शब्द तयार होतो आणि त्याचे गुण वेगळे मिळतात. समजा बोर्डावर ए-ने सुरू होणारा आडवा शब्द आहे आणि त्या ए-च्या बरोबर खाली ट्रिपल लेटरचं (अक्षराचे गुण तिप्पट करणारं) रिकामं घर आहे. तिथे एक्स ठेवा आणि त्याच्या डावीकडे ए. आडवा शब्द ए-एक्स, उभा शब्दही ए-एक्स. एक्सचे 8 गुण तिप्पट होऊन 24, अधिक ए-चा 1, म्हणजे 25, आणि तेही दोनदा. दोन अक्षरं खर्चून 50 गुण.

पाठांतर अवघड अक्षरांपासून सुरू करा. झेडसाठी झेड-ए (पिझ्झाचं लाडकं रूप) आणि झेड-ओ. एक्ससाठी ए, ई, ओ ही त्याच्या आधी येतात. एक्स-आय आणि एक्स-यू हेही चालतात, पहिलं ग्रीक अक्षर, दुसरं व्हिएतनामचं नाणं. जे-साठी फक्त जे-ए आणि जे-ओ. आपल्याकडचे लोक हमखास जे-आय लावतात, आदरार्थी ‘जी’ म्हणून. तो यादीत नाही. व्हीचा तर एकही दोन अक्षरी शब्द नाही. म्हणूनच समोरच्याची जागा बंद करायला व्ही उत्तम. हातात अडकला की मात्र डोकेदुखी.

आता क्यू. क्यूनंतर यू लागतोच, ही शाळेतली समजूत इथे सोडून द्यायची. क्यू-आय (उच्चार ‘ची’, चिनी विचारातली प्राणशक्ती) हा एकच शब्द आला तरी क्यूची भीती अर्धी संपते. तीन अक्षरांत क्यू-ए-टी, आणि क्यू शेवटी असलेला एस-यू-क्यू. पुढचे शब्द तर आपल्या ओळखीचे निघतात: फकीर, बुरखा, निकाब, तलाक, काजीसाठी क्यू-ए-डी-आय. हे सगळे क्यूने लिहिलेले, क्यूनंतर यू नसलेले. कव्वालीसुद्धा आहे: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, बरोबर सात अक्षरं. पहिल्याच खेळीत ती क्यू डबल लेटरवर (अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरावर) ठेवून मधल्या, अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट करणाऱ्या घरातून नेली तर 32 गुणांचे दुप्पट 64, वर सातही अक्षरं वापरल्याचे 50, एकूण 114. डब्ल्यू अख्ख्या पिशवीत दोनच असतात, त्यामुळे असा हात क्वचित लागतो, पण माहीत असलेला बरा. भारतीय शब्दांत लाख, क्रोर, रोटी, पुरी, घेराव आहेत, पेशवाही आहे. घोळ होतो तो स्पेलिंगचा. डाळ डी-ए-एल, डी-ए-एच-एल आणि डी-एच-ए-एल अशी तीनही प्रकारे चालते, तूप जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय असं दोन्ही प्रकारे. पण म्हणून मनाला येईल ते रोमन रूप चालेल असं नाही. प्रत्येक रूप यादीत तपासूनच पाठ करा.

पन्नास गुणांचा बोनस नशिबाने मिळतो असं वाटत असेल तर ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं घ्या. त्यांच्यातून रिटेन्स, नॅस्टिअर, स्टेनर, रेटिनाज, रेट्सिना असे बरेच शब्द निघतात. म्हणून यातली पाच-सहा अक्षरं हातात असतील तर ती फोडू नका, बाकीची खर्च करा. पाठ करताना शब्द वाचू नये, त्याची अक्षरं वर्णक्रमाने लिहिलेली चिठ्ठी पाहून शब्द ओळखावा. रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, अक्षरं तशीच विस्कळीत येतात. अर्थ नाही कळला तरी चालतं: न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं.

शंभर टाइल्समध्ये ई 12 आहेत आणि एस फक्त चार, ब्लँक (कुठलंही अक्षर म्हणून चालणारी कोरी टाइल) दोन. एस कमी ठेवला तो खेळ रचणाऱ्या आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टने, मुद्दाम, नाहीतर सगळे नुसती अनेकवचनं करत बसले असते. म्हणून आठ-दहा गुण जास्त मिळत नसतील तर एस टाकू नये. ब्लँक तर बोनससाठीच राखावा. पाच-सहा गुणांसाठी ब्लँक उडवणं ही नवख्यांची सगळ्यात महाग चूक.

नुसते स्वर आले तर ए-ए (हवाईतला खडबडीत लाव्हा), ए-आय, ओ-ई कामाला येतात. नुसती व्यंजनं आली तर सी-डब्ल्यू-एम आणि एन-टी-एच. तेही जमलं नाही तर अक्षरं बदलून घ्या, खेळी वाया गेली तरी चालेल. मात्र बदलायला पिशवीत किमान सात टाइल्स शिल्लक लागतात. त्याच्या खाली गेल्यावर क्यू आला, बाहेर पडायला आय सापडला नाही आणि समोरच्याने डाव संपवला, तर क्यूचे 10 गुण तुमचे वजा आणि त्याला जमा, म्हणजे दोघांतला फरक एका अक्षरापायी 20 गुणांनी हलतो. म्हणून पिशवी हलकी होऊ लागली आणि क्यू अजून दिसला नसेल, तर हातातला एखादा आय धरून ठेवा.