इंडेक्स आहे, पण वापरला जात नाही

आज नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडतीच्या बिलिंगचा मायएसक्यूएल डेटाबेस तपासला. आंबिया बहराची आवक वाढली की शेतकऱ्याचा खातेउतारा लवकर निघत नाही, अशी तक्रार. मोबाइल नंबरच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची क्रमवार सूची) होता, तरी क्वेरीपुढे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नापुढे, एक्सप्लेन (ती कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावलं तर 'टाइप'खाली ऑल आणि 'की'खाली, म्हणजे वापरलेल्या इंडेक्सच्या जागी, नल (काहीच नाही)! म्हणजे अख्खं टेबल वाचलं जातंय.

कारण एवढंसं: कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा, आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतला मजकूर आकड्यात बदलून तुलना करतं. '98', '098', ' 98' सगळे 98 च ठरतात, त्यामुळे मजकुराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स कामाचा राहत नाही. नंबर अवतरणात टाकला, 'टाइप' लगेच रेफ झाला, म्हणजे शोध इंडेक्सवरून. किती बरं वाटतं ते पाहून!

तारखेचंही तेच. व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, इयर(तारीख) = 2025 लिहिलं की तारखेवरचा साधा इंडेक्स बाजूला पडतो. '2025-01-01' पासून '2026-01-01' च्या आधीपर्यंत अशी हद्द द्या. डेटटाइम (तारीख आणि वेळ दोन्ही ठेवणाऱ्या) कॉलमवर नुसत्या तारखांचं बिट्वीन (पासून-पर्यंतची अट) नको; नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचे 00:00 धरले जातात, त्यामुळे शेवटच्या दिवसाची त्यानंतरची बिलं गळतात.

आणि भाऊ, नवीन इंडेक्सची घाई नको. प्रत्येक इन्सर्टला, म्हणजे नवी नोंद घालताना, तोही लिहावा लागतो.