माझी मुलगी माझ्या शाळेत का नाही?

लग्नात, एसटी स्टँडवर, सलूनच्या खुर्चीत, सगळीकडे विचारून झालंय. जिल्हा परिषदेचे मास्तर, मग स्वतःची पोर इंग्लिश मीडियमला कशी? तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

माझी शाळा द्विशिक्षकी. वर्ग चार, आम्ही दोघं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे हे नियमातच बसतं, ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. पण 'आजच्या आज' भरायची ऑनलाइन माहिती असतेच, मग एकजण चारही वर्ग धरतो. अशा दिवशी माझी मुलगी त्या वर्गात नको, असं मला वाटलं. झालं समाधान?

माझं नाही झालं. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशात आदेश दिला होता की सरकारी पगार घेणाऱ्यांनी मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. आमच्या शिक्षण परिषदेत मी त्याच्या बाजूनं तावातावानं बोललो होतो. तेव्हा लग्न झालं नव्हतं, बोलायला काय जातंय!

मग एका जूनमध्ये एक बाई मुलाचा दाखला मागायला आल्या. मुलगा दुसरी पास, धडाधडा वाचणारा. मी समजावलं, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, वाचन तर तुम्ही ऐकताच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, तुमच्या पोरीची बस आमच्या वस्तीवरनंच जाती. तिच्यातच बसवायचाय ह्याला." मी म्हटलं, शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांवरचा मोफत प्रवेश सुरुवातीच्याच वर्गाला मिळतो, तिसरीला पूर्ण फी पडेल. "कानातलं मोडलंय," त्या म्हणाल्या.

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यांनी दाखला पदराखालच्या पिशवीत घातला आणि वर "राग मानू नका" म्हणाल्या. राग कसला मानायचा?

२०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या खासगी शाळांचा कायदा मी केला नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं, तो नियमही माझा नाही. परिषदेत बोलणारा तो पोरगा म्हणेल, पहिली वीट तूच काढलीस. मी त्याला विचारतो, मुलगी इथे ठेवली असती तर तिसरा शिक्षक मिळाला असता? नसता. दाखला नेलेला तो मुलगा थांबला असता? बहुधा थांबला असता. हा हिशेब मला जुळवता येत नाही, आणि मुलगी येत्या जूनमध्येही त्याच बसनं जाणार आहे.