तुम्ही विचारलंत म्हणून: ॲटलिनबद्दल

"जो मतदारसंघ उरलाच नाही, त्याचं एवढं काय घेऊन बसता?" कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरी शहरातल्या आमच्या मराठी मंडळींत निवडणूक आली की हे विचारलं जातंच. पाठोपाठ कुणीतरी म्हणतं, "तोच ना, जिथला आमदार एका मताने पडला?"

हो, तोच. पण गोष्ट तेवढ्यावर उरकली की माझं डोकं फिरतं.

ॲटलिन म्हणजे आमच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं उत्तर टोक. गावाला गाडीने जायचं तर आधी शेजारच्या युकॉनमध्ये शिरून पुन्हा खाली उतरावं लागतं. 1949 मध्ये प्रांताने आदिवासींना मताधिकार दिला (इथल्या भारतीयांनाही तो 1947 मध्येच मिळाला होता) आणि त्याच वर्षी ॲटलिनने निसगा या आदिवासी समाजाच्या फ्रँक कॅल्डरांना निवडून दिलं. कायद्याने 'इंडियन' (म्हणजे इथला आदिवासी) म्हणून नोंद असलेला माणूस तोवर कॅनडाच्या कुठल्याही विधिमंडळात पोचला नव्हता.

10 मे 1979 ला ते एनडीपी या पक्षाच्या अल पॅसरेलांकडून एका मताने हरले. स्वतः कॅल्डर आणि त्यांच्या पत्नीने मतदानच केलं नव्हतं. मी चिडलो होतो. ज्यांच्या लोकांना तीस वर्षांपूर्वीपर्यंत मतपेटीजवळ फिरकू दिलं नाही, त्यांनीच मत टाकू नये? त्यांचं पडलं असतं तर बरोबरी, पत्नीचंही पडलं असतं तर जागा राखली असती. पण हेच कॅल्डर निसगांच्या जमिनीसाठी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 1973 चा निकाल: सातपैकी सहा न्यायाधीशांनी आदिवासींचा मूळ हक्क मान्य केला, तो शिल्लक आहे का यावर तीन विरुद्ध तीन झाले, आणि सातव्याने सरकारच्या परवानगीशिवाय दावा लावला म्हणून तो फेटाळला. तिथेही एकाच मताने हार. तरी त्याच वर्षी केंद्र वाटाघाटींना तयार झालं आणि 2000 मध्ये निसगा करार अमलात आला. "मत दिलं नाही, मग भोगा" म्हणणाऱ्यांचं म्हणूनच मी ऐकून घेत नाही. टोचायचं ते टोचतंच.

1991 च्या निवडणुकीआधी मतदारसंघांच्या पुनर्रचनेत ॲटलिन गेला. शेवटचे आमदार लॅरी गुनो, तेही निसगाच. मी तेव्हापासून याला अन्याय म्हणत आलोय. पण 1989 मध्ये न्यायालयाने मतांच्या वजनातली (कुठे थोड्या लोकांमागे एक आमदार, कुठे खूप लोकांमागे एक) तफावत घटनाबाह्य ठरवली होती, आणि ॲटलिनच्या मताचं वजन सरीतल्या मताच्या दहापटीहून जास्त होतं. म्हणजे फायदा माझाच झाला. घरचे विचारतात, मग आपण दशांश मत घेऊन बसायचं होतं का? याला माझ्याकडे उत्तर नाही. अन्याय हा शब्द मात्र मी अजून मागे घेतलेला नाही.