रोपवे असताना पायी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वडोदऱ्याजवळच्या पावागड डोंगरावर, जिथे वर कालिकामातेचं देऊळ आहे, रोपवे आहे, १९८६ पासून आहे. डोंगराच्या मध्यावर माची आहे, तिथे पाळण्यात बसलं की काही मिनिटांत वर दूधिया तलावाच्या बाजूला उतरता येतं. तरीही मी पायथ्याच्या चांपानेरपासून चालत का जाते, हे ऑफिसात मला गुजरातीत विचारतात, "रोपवे छे ने, बेन, तो पगे केम?" आणि घरी मराठीत. नणंदेची खात्री आहे की मी काहीतरी नवस बोलले आहे. नवस नाही. वजनासाठीही नाही. आपल्या वडोदऱ्यातून वाहणारी विश्वामित्री नदी त्या डोंगरातून निघते, म्हणून मी चालत जाते. एवढं सांगितलं की समोरचं माणूस मान डोलावतं आणि पुन्हा रोपवेच्या तिकिटाबद्दल बोलायला लागतं. तेव्हा यावेळी जरा सविस्तर सांगते.

मी अलकापुरीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी स्कूटर, रात्री कुकर. घर समाच्या बाजूला, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा पाणी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकलं होतं. त्याआधी २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. तोही पाहिलेला, पण तेव्हा पाणी उंबऱ्यावरून परतलं होतं. यावेळी गव्हाचं पिंप गेलं, फ्रिज गेला, आईनं दिलेल्या दोन पैठण्या चिखलातून काढल्या. गल्लीत मगर दिसली म्हणून मुलांना वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. या शहरातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात. पूर आला की त्याही आमच्यासारख्याच घर सोडून कुठेतरी आसरा शोधतात.

पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला सगळं घर लागलं होतं. सासरे पंचाहत्तरीचे. त्यांनी सूपभर गाळ अंगणात ओतला, बोटांनी चुरून बघितला आणि म्हणाले, "ही पावागडची माती आहे, सूनबाई. पाणी तिथूनच येतं." मला नदी पावागडातून निघते हे शाळेपासून ठाऊक होतं. पण ते भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य होतं. आमच्या ओट्यावर साचलेला चिखल आणि तो डोंगर यांच्यात सरळ रस्ता आहे, हे त्या दिवशी मनात उतरलं.

पाऊस सरल्यावर ऑफिसातल्या मुलामुलींनी पावागडची सहल ठरवली आणि मी लगेच हो म्हटलं. वडोदऱ्यापासून जेमतेम ५० किलोमीटर, हालोलवरून. उंची सुमारे ८०० मीटर. गिरनार करून आलेली माणसं आमच्यात होती, त्यांच्या मते हा अर्ध्या दिवसाचा खेळ होता. पुण्याची मावसबहीण तर फोनवर म्हणाली, "तुमच्या गुजरातेत डोंगर कसला!" सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे.

डोंगर अवघड निघाला. बरेच लोक जीपने माचीपर्यंत जातात आणि तिथून पुढचं चढतात, म्हणून त्यांना पावागड लहान वाटतो. चांपानेरच्या बाजूने जुन्या वाटेनं निघालं की पहिल्या तासातच अंदाज येतो. वाट जुन्या दरवाज्यांतून, पडक्या तटबंदीच्या कडेनं वर जाते. अटक दरवाज्यापर्यंत मी बोलत चालत होते. त्यानंतर बोलणं थांबलं. पाऊस नुकताच संपलेला, हवेत दमटपणा ठासून भरलेला. घाम यायचा पण वाळायचा नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. वरून काळा दगड. सकाळी नऊनंतर त्या बेसाल्टमधून गरम भाकरीच्या तव्यासारखी धग यायला लागते.

दम तर लागलाच, पण त्याआधी मांड्या संपल्या. हे का होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं. कच्च्या पायवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, कधी टाच आधी, कधी चवडा, कधी तिरकं, त्यामुळे भार वेगवेगळ्या स्नायूंत वाटला जातो. पायऱ्यांवर तसं होत नाही. तोच गुडघा त्याच कोनात, तोच स्नायू पुन्हा पुन्हा. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत घालवणाऱ्या बाईच्या मांडीला आणि पुठ्ठ्याला एवढ्या कामाची सवय कुठून असणार? आमच्या ऑफिसात लिफ्ट आहे, घर तळमजल्यावर, भाजीवाला दारात येतो. आठवडेच्या आठवडे मी एक जिना चढत नव्हते. माझ्यासारख्या हजारो बायका या शहरात आहेत, आणि त्यांच्या गुडघेदुखीला सगळे वय हेच कारण देतात. मला ते पटत नाही.

माचीला पोचलो तेव्हा चुंदडी-श्रीफळाच्या दुकानांपुढे मी बराच वेळ बसून होते. छास प्यायले, घरून आणलेली दशमी खाल्ली. बरोबरची मंडळी रोपवेच्या रांगेत लागली. त्यांतल्या एकीनं तिथे तो प्रश्न पहिल्यांदा विचारला. मला उत्तर सुचलं नाही. एवढंच माहीत होतं की पाळण्यात बसले तर मी जे बघायला आले ते खालून सरकून जाईल.

माचीच्या वर पायऱ्यांवर गर्दी असते, पण ती चांगली गर्दी असते. पंचमहालच्या खेड्यांतून अनवाणी आलेली माणसं, कडेवर पोर, हातात ध्वजा. हा सगळा पंचमहाल १८६१ पर्यंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, मग अदलाबदलीत इंग्रजांकडे गेला. त्या वाटेवर दगडाला हात लावताना मला हे दरवेळी आठवतं, बडोद्याच्या मराठी माणसाला आठवणारच. एका म्हाताऱ्या बाईनं माझी चाल बघितली आणि म्हणाली, "आडा पग मूको, बेन." पाऊल आडवं टाका. आडव्या पावलानं आणि नागमोडी चढलं की गुडघ्यावरचा ताण खरोखर हलका होतो. मी तिच्या मागोमाग वर गेले. तिच्या श्वासाचा आवाजही येत नव्हता.

आणि मग तळी. यासाठीच हा सगळा खटाटोप.

पावागडावर पाणी साठवायच्या जागा किती आहेत हे चालत गेल्याशिवाय लक्षात येत नाही. तेलिया तलाव, दूधिया तलाव, छाशिया तलाव, शिवाय कुंडं आणि टाकी. तेल, दूध, ताक अशी नावं लोकांनी तळ्यांना दिली, म्हणजे हे पाणी त्यांच्या लेखी काय मोलाचं होतं! पावागड म्हणजे शंभर तळ्यांचा डोंगर आणि चांपानेर म्हणजे हजार विहिरींचं शहर, असं म्हणतात. डोंगराचा खालचा भाग बेसाल्टच्या थरांचा, माथा रायोलाइट या दुसऱ्या ज्वालामुखी दगडाचा. हे थर एकावर एक बसलेले असल्यामुळे मध्ये मध्ये सपाट पठारं तयार झाली आहेत. जिथे पठार आहे तिथे कुणीतरी कातळ खणून, बांध घालून, पाऊस अडवला आहे. वरचं तळं भरलं की खालच्याची पाळी. पाणी डोंगरावरून एकदम सुटत नाही, टप्प्याटप्प्याने उतरतं.

छाशिया तलावाजवळ लकुलीशाचं, म्हणजे शिवाच्या एका अवताराचं, देऊळ आहे, १०व्या-११व्या शतकातलं, गडावरचं सगळ्यात जुनं. कालिकामातेच्या दर्शनाच्या गर्दीत तिकडे फार थोडे वळतात. मी तिथे बसून गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या वेढ्याचा विचार करत होते. १४८४ साली गड पडला तो सुमारे २० महिन्यांच्या वेढ्यानंतर. वर गडाच्या राजांची, खीची चौहानांची, माणसं, घोडी, बायकापोरं एवढा काळ कशावर जगली? धान्य साठवलेलं असणार. पण धान्य शिजवायला पाणी लागतं. ते या तळ्यांनी दिलं. गड जिंकल्यावर बेगड्यानं पायथ्याशी आपली राजधानी वसवली तेव्हा त्यानंही तलाव आणि विहिरीच बांधल्या. २००४ मध्ये युनेस्कोनं चांपानेर-पावागडला जागतिक वारसा म्हटलं. मशिदींच्या नक्षीचे फोटो सगळीकडे दिसतात, आणि त्या सुंदर आहेतच. मला मात्र वाटतं की त्या जागेतलं सगळ्यात मोठं काम जमिनीखाली आणि तळ्यांच्या तळाशी आहे.

वरून खाली बघितलं की ओघळ दिसतात. पावसाळ्यानंतर ते वाहते असतात. झाडीतून एक पांढरी रेघ, मग दुसरी, पुढे त्या एका घळीत उतरतात. हीच आपली नदी. इथून पश्चिमेला, आजवा सरोवराच्या बाजूनं, मग शहरात, सयाजीबागेतून, काळाघोड्याच्या पुलाखालून, पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे. विश्वामित्र ऋषींनी याच डोंगरावर तप केलं अशी कथा आहे. त्यांची गाय खोल दरीत पडली, दूध सोडून तिनं दरी भरली आणि पोहत वर आली. मग ऋषींनी ती दरी बुजवायला डोंगर मागितला, तर त्याचे तीन भाग जमिनीत गेले आणि एकच वर राहिला. लहानपणी ही कथा चमत्कार म्हणून ऐकली होती. त्या कड्यावर उभं राहून वाटलं, ही कथा रचणाऱ्यांनी पाणी खड्ड्यात कसं चढतं ते डोळ्यांनी बघितलं असणार.

आमच्या शहरात पावसाळ्यात लोक एकमेकांना "कसं काय" विचारायच्या आधी "आजवा किती?" विचारतात. सयाजीराव महाराजांनी बांधवलेल्या त्या सरोवराची पातळी, त्याचे ६२ दरवाजे, काळाघोड्याच्या पुलावरचा नदीच्या पातळीचा आकडा, हे सगळं शेजारच्या काकूंनाही तोंडपाठ आहे. पण नदीच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, कुणी भरली, वस्तीतली तळी बुजवून त्यांवर काय उभं राहिलं, हे कुणी विचारत नाही. मी स्वतः ज्या सोसायटीत राहते तिच्या मागे माझ्या लग्नाच्या वेळी खळगा होता, पावसात बगळे यायचे. आता तिथे पार्किंग आहे. गडावर ज्यांनी पाऊस टप्प्याटप्प्याने अडवला त्यांच्याकडे सिमेंट नव्हतं, पंप नव्हता. आमच्याकडे दोन्ही आहे, आणि पाणी ओट्याला टेकतं. हे मला मनापासून लागतं. ऑफिसात मी बोलते, वॉर्डाच्या बैठकीला जाते, खळग्यांचे जुने नकाशे मागते. डोंगर चढून आल्यापासून हे बोलायला माझ्याकडे शब्द आहेत, कारण पाणी कसं उतरतं ते मी पायांनी बघितलं आहे. पाळण्यातून ते दिसलं नसतं. पाळणा तळ्यांवरून जातो, बांधावरून जात नाही.

उतरण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्याची कल्पना कुणी देत नाही. चढताना दम लागतो, पण खरी इजा उतरताना होते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. त्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठायला टेबल धरावं लागतं. मी त्या सोमवारी ऑफिसात तशीच गेले, आणि उठता-बसता धरलेलं टेबल बघून सगळ्यांनी पुन्हा तेच विचारलं, रोपवे होता ना? काठी घ्यावी, पावलं लहान टाकावीत, घाई करू नये. आता मी आठवडाभर आधीपासून ऑफिसचे जिने चढते, त्यानं खूप फरक पडतो.

रोपवेबद्दल माझ्या मनात काही अढी नाही, हेही स्पष्ट करते. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, त्यांना मातेचं दर्शन रोपवेमुळेच घडतं. त्या पाळण्यात बसतात, नणंद त्यांच्यासोबत बसते, आणि दूधियाच्या काठावर आम्ही भेटतो. त्या माझ्यासाठी सावलीतली जागा धरून ठेवतात आणि मी पोचले की आधी पाणी देतात, मग रागावतात.

ज्यांना माझ्याबरोबर यायचं असेल त्यांनी नवरात्र, पौर्णिमा आणि रविवार सोडून दिवस सांगा. पहाटेच्या एसटीनं निघू, उन्हाच्या आत माची गाठू. छाशियाकडे वळायला अर्धा तास जास्त ठेवा, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत आणायला एक पिशवी.